'रिसर्च इंटरेस्ट' येतात कुठून? पुण्यातली बंद पडलेली वेधशाळा आणि तीन खगोलशास्त्रज्ञांच्या नोकऱ्या

पीएचडीच्या अर्जात एक रकाना असतो: रिसर्च इंटरेस्ट्स. अर्जांचा हंगाम सुरू झाला की मला येणाऱ्या निम्म्या मेल्समध्ये याच रकान्याबद्दल विचारलेलं असतं. "ताई, इथे नेमकं काय लिहायचं? 'ब्लॅक होल' लिहिलं तर चालेल का?" चालेल की. पण मुलाखतीत समोरचे विचारणार, ब्लॅक होलबद्दल काय, कुठल्या दुर्बिणीच्या डेटावर, आणि तो डेटा तुला मिळणार कसा? तिथे बरेच जण अडखळतात, कारण 'इंटरेस्ट' म्हणजे मनातली आवड असंच आपण धरून चाललेलो असतो.

मी विज्ञानाच्या इतिहासावर काम करते. या प्रश्नाचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, पण उदाहरणं भरपूर आहेत. एकोणिसाव्या शतकात भारतात आकाश बघण्याचा पगार मिळणाऱ्या जागा अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्या जागांवरची माणसं काय बघत होती हे एकदा नीट पाहिलं, की त्यांची 'आवड', त्यांचं यंत्र आणि त्यांना पगार देणारं खातं या तीन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत ते दिसतं. आज तीन माणसं घेते: मद्रासचे रघुनाथाचार्य, पुण्याचे नायगमवाला आणि कोडाईकनालचे एव्हरशेड. पुण्यावर जास्त वेळ थांबणार आहे. पुणेकर म्हणून पक्षपात आहेच, पण कारण तेवढंच नाही.

मद्रास: तारा तारेवरून जाताना

विल्यम पेट्री या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ मध्ये मद्रासला स्वतःच्या हौसेने वेधशाळा सुरू केली. पुढे ती ईस्ट इंडिया कंपनीने ताब्यात घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कममध्ये तिच्यासाठी इमारत उभी राहिली. कंपनीला ताऱ्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. तिला जहाजं वाट न चुकता यायला हवी होती आणि मोजणी खात्याला रेखांश अचूक हवे होते. रेखांश मोजायचा तर वेळ अचूक हवी, आणि वेळ अचूक हवी तर ताऱ्यांच्या जागा अचूक हव्यात. म्हणून मद्रासच्या खगोलशास्त्रज्ञाचं मुख्य काम ठरलं: ताऱ्यांच्या जागा मोजणे. टी. जी. टेलर यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत ११,०१५ तारे आहेत. अकरा हजार! एकेक करून.

हे काम कसं चालायचं ते समजून घ्या, कारण 'व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ' या शब्दाचा त्या काळातला अर्थ त्यातच आहे. याम्योत्तर यंत्र नावाची दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण रेषेत वर-खाली फिरते. डावी-उजवीकडे ती वळतच नाही. तारा आपणहून समोर येण्याची वाट बघायची. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक तारा ताणलेल्या असतात. आकाशातला तारा या तारांना ओलांडतो तो क्षण घड्याळाच्या ठोक्यांशी ताडून नोंदवायचा. ठोका पडला तेव्हा तारा इथे होता, पुढचा पडला तेव्हा तिथे, म्हणजे तार ओलांडली ती मध्ये, सेकंदाच्या इतक्याव्या दशांशाला. हे डोळ्याने आणि कानाने एकाच वेळी करायचं. शिवाय वर्तुळावरचे अंश वाचायचे. मग पुढचा तारा.

ही झाली रात्र. दिवसा त्याची आकडेमोड. वातावरणामुळे प्रकाश वाकतो त्याची दुरुस्ती, यंत्र किंचित तिरकं असेल त्याची दुरुस्ती, पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो त्याची दुरुस्ती. आणि माणसाचीही! ग्रिनिचला १७९६ मध्ये मॅस्कलिन यांनी किनब्रुक नावाच्या आपल्या सहायकाला कामावरून काढलं, कारण त्याच्या नोंदी साहेबांच्या नोंदींपेक्षा ०.८ सेकंदांनी मागे पडत होत्या. पुढे बेसेल यांनी दाखवलं की प्रत्येक निरीक्षकाचा असा स्वतःचा फरक असतोच. किनब्रुकची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

चिंतामणी रघुनाथाचार्य याच कामात वाढले. तरुणपणीच ते मद्रास वेधशाळेत लागले आणि चढत चढत पहिले सहायक झाले. १८६१ मध्ये नॉर्मन पॉगसन तिथे प्रमुख म्हणून आले. ताऱ्यांच्या प्रतीमध्ये एका पायरीला २.५१२ पट फरक हे गणित ज्यांनी रूढ केलं, तेच हे पॉगसन. त्यांनी त्याच वर्षी मद्रासहून एक लघुग्रह शोधला आणि त्याला 'एशिया' असं नाव मिळालं. दक्षिण आकाशातल्या हजारो ताऱ्यांच्या जागा मोजायचा दीर्घ कार्यक्रम सुरू झाला, आणि रघुनाथाचार्य त्यातले प्रमुख निरीक्षक होते.

जानेवारी १८६७ मध्ये त्यांना रेटिक्युलम या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला एक तारा तेज बदलताना आढळला. आज तो 'आर रेटिक्युली' म्हणून ओळखला जातो. साधारण नऊ महिन्यांच्या चक्रात तो उजळतो आणि मंदावतो, म्हणजे रूपविकारी तारा. आता हिशेब करून बघा. हा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ६३ अंश दक्षिणेला आहे आणि मद्रास १३ अंश उत्तरेला. म्हणजे तो मद्रासच्या क्षितिजावर जेमतेम १४ अंश चढतो. युरोपातल्या कुठल्याही वेधशाळेतून तो दिसायचा प्रश्नच नव्हता. तुमच्या नोकरीच्या जागेचा अक्षांश हासुद्धा तुमच्या संशोधनाचा भाग असतो, तो असा. आणि दुसरी गोष्ट: ताऱ्यांच्या जागा मोजण्याची रोजची चाकोरी चालू होती म्हणून तर हे 'बदलणं' पकडता आलं. रूपविकारी तारे हा त्यांचा 'इंटरेस्ट' आधी होता की नंतर झाला, हे विचारण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

१८६८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी वनपर्तीहून पाहिलं. १८७२ मध्ये ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी सामान्य लोकांना ते काय प्रकरण आहे हे कळावं म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली, तीही इंग्रजीत लिहून न थांबता भारतीय भाषांत. सायन्स कम्युनिकेशन हा शब्द निघायच्या शंभर वर्षं आधीची गोष्ट आहे ही. १८८० मध्ये ते गेले.

पण ते आयुष्यभर ज्या कामात राबले त्या ताऱ्यांच्या मोजणीचं काय झालं? निरीक्षणं साठत गेली आणि आकडेमोड मागे पडत गेली. छपाईला सुरुवात झाली १८८७ मध्ये, आणि सुमारे पाच हजार ताऱ्यांची अंतिम यादी निघाली १८९९ मध्ये, तीही पॉगसन यांच्या निधनानंतर, त्यांच्या जागी आलेल्या मिची स्मिथ यांच्या हातून. म्हणजे रघुनाथाचार्यांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी. 'डेटा आहे, ॲनालिसिस राहिलंय' हे वाक्य आपल्या लॅबमध्ये पहिल्यांदा उच्चारलं गेलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

जाता जाता: पॉगसन यांची मुलगी आयसिस १८७३ पासून याच वेधशाळेत पगारी सहायक होती. १८८६ मध्ये वडिलांनी तिचं नाव सोसायटीच्या फेलोशिपसाठी सुचवलं, पण बायकांना फेलो करणं सनदेत बसत नाही म्हणून ते मागे घ्यावं लागलं. ती फेलो झाली १९२० मध्ये.

पुणे: एक माणूस, एक दुर्बीण, एक रेष

कावसजी दादाभाई नायगमवाला एल्फिन्स्टन कॉलेजचे. मुंबईत भौतिकशास्त्र शिकवत असताना, १८८२ मध्ये, भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनी पाच हजार रुपयांची देणगी मिळवली. मूळ कल्पना होती वर्णपटाच्या प्रयोगशाळेची. मुंबई सरकारनेही तेवढीच रक्कम घातली. पुढे ते यंत्रं बघायला इंग्लंडला गेले, तिथे जाणत्या लोकांशी बोलले आणि प्रयोगशाळेची झाली वेधशाळा. ती उभी राहिली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिच्यातली ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण त्या वेळी भारतातली सर्वांत मोठी होती.

मद्रासपेक्षा हा पूर्ण वेगळा धंदा होता. 'तारा कुठे आहे' हा प्रश्न मागे टाकून 'तारा कशाचा बनला आहे' असं विचारणाऱ्यांची ती पहिली-दुसरी पिढी. जुन्या वळणाच्या खगोलशास्त्रज्ञांना हे काम रसायनशास्त्रज्ञाचं वाटायचं. आजच्या भाषेत, नायगमवाला यांनी तेव्हाचं सगळ्यात गरम क्षेत्र पकडलं होतं. त्यात एका प्रश्नावर तर लंडनमध्ये उघड भांडण पेटलेलं होतं.

भांडण असं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला आणि त्यांना अखंड पट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. याचा अर्थ तो मेघ म्हणजे ताऱ्यांची दाटी नसून वायू होता. त्यातली सगळ्यात ठळक हिरवी रेषा मात्र पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. नॉर्मन लॉकियर यांचं म्हणणं पडलं की विश्वातलं बहुतेक सगळं उल्कांच्या थव्यांपासून बनतं, आणि ही रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची उरलेली कडा आहे. हगिन्स यांना हे अजिबात मान्य नव्हतं.

आता इथे निकाल लागणार कशावर? मॅग्नेशियमचा तो पट्टा एका बाजूला धारदार असतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जातो. लॉकियर बरोबर असतील तर तेजोमेघातली रेषासुद्धा एका अंगाने पुसट असायला हवी. हगिन्स बरोबर असतील तर दोन्ही बाजूंनी नीट, बारीक. म्हणजे एवढं मोठं विश्वरचनेचं भांडण अखेर एका साध्या प्रश्नावर येऊन उभं राहतं: रेषेच्या कडा कशा आहेत?

असा प्रश्न सापडणं म्हणजे संशोधकाचं भाग्य. तो छोटा आहे, उत्तर हो किंवा नाही मध्ये येतं, आणि पुण्यात बसून सोडवता येतो. त्यासाठी लागतं काय? प्रकाश भरपूर गोळा करणारी दुर्बीण. ती होती. वर्णपट लांब ताणणारं यंत्र, म्हणजे रेषेच्या कडा दिसाव्यात. तेही होतं. आणि मृगातला तेजोमेघ आकाशात उंच हवा. लंडनहून तो जास्तीत जास्त ३३ अंश चढतो, पुण्याहून ६६. शिवाय तो हिवाळ्यातला. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री कशा असतात हे मी पुणेकरांना सांगायला नको, आणि लंडनच्या कशा असतात हे कुणालाच सांगायला नको.

नायगमवाला यांनी बघितलं आणि १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात लिहिलं: रेषा धारदार आहे, एका बाजूला विरणं वगैरे काही नाही. त्याच सुमारास अमेरिकेत लिक वेधशाळेत कीलर यांनी ३६ इंची दुर्बिणीने रेषेची नेमकी जागा मोजली होती, आणि तीही मॅग्नेशियमशी जुळत नव्हती. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या बाजूंनी दिलेले दोन पुरावे. लॉकियर यांचं मॅग्नेशियम तिथे संपल्यात जमा झालं. ती हिरवी रेषा खरोखर कशाची, हे कळायला १९२७ उजाडलं: आयरा बोवेन यांनी दाखवलं की दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिविरळ अवस्थेत ही रेषा देतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत इतकी विरळ अवस्था मिळत नाही, म्हणून ती कुठे जुळत नव्हती.

एसओपी लिहिणाऱ्यांनी या जागी दोन मिनिटं थांबावं. 'तेजोमेघांची आवड' आणि 'या रेषेची एक कडा पुसट आहे का, हे माझ्या यंत्रावर या हिवाळ्यात बघता येईल' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते पार करण्यालाच बहुधा पीएचडीचं पहिलं वर्ष म्हणतात.

मग आलं १८९८. २२ जानेवारीला खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून सोलापूर, विदर्भ करत उत्तरेकडे जाणार होता. पुण्यात आदल्याच वर्षी प्लेगने हाहाकार उडवलेला, रँडचा खून होऊन जेमतेम सात महिने झालेले, आणि अशात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ खोक्यांमधून दुर्बिणी घेऊन महाराष्ट्रात उतरत होते. लॉकियर विजयदुर्गला. लिकचे कॅम्बेल सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. नायगमवाला यांचाही तळ जेऊरलाच. ब्रिटिश हौशी खगोलशास्त्रज्ञांची एक तुकडी विदर्भातल्या तळणीला.

विजयदुर्गाबद्दल एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती दर वर्षी व्हॉट्सॲपवर फिरते. 'हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला' असं म्हणतात. लॉकियर विजयदुर्गावर आले होते हे खरं, पण १८९८ मध्ये. सूर्याच्या वर्णपटातली ती अनोळखी पिवळी रेषा १८६८ ची. त्या वर्षीच्या ग्रहणात जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी तर ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्येच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवर ती पाहिली. १८९५ मध्ये रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवर, एका खनिजातून वेगळा केला. म्हणजे लॉकियर किल्ल्यावर उतरले तेव्हा हेलियम सापडून वर्षं लोटली होती. किल्ल्याचं महत्त्व याने तसूभरही कमी होत नाही. फक्त दोन ग्रहणं एकत्र कालवू नका, एवढंच.

जेऊरला खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटं टिकली. त्या दोन मिनिटांतल्या छायाचित्रांचा नायगमवाला यांचा अहवाल प्रसिद्ध झाला १९०२ मध्ये, वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून. दोन मिनिटांच्या निरीक्षणाला चार वर्षं. हेही धंद्याचं गणित आहे.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. यंत्रं कोडाईकनालला गेली. ती २० इंची दुर्बीण तिथे 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली, पण प्रत्यक्ष उभारली जाऊन कामाला लागायला तिला कित्येक वर्षं वाट बघावी लागली.

बंद का पडली?

'इंग्रजांनी बंद पाडली' हे उत्तर सोपं आहे आणि ते पूर्ण खोटंही नाही. पण मला ते अपुरं वाटतं. कोडाईकनाल न बघता पुण्याचा निकाल लावता येत नाही.

१८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळानंतर एक आशा निर्माण झाली होती: सूर्यावरच्या डागांचा आणि मॉन्सूनचा संबंध सापडला तर दुष्काळाचा अंदाज आधी बांधता येईल. त्यासाठी सूर्याचं रोज निरीक्षण हवं. यातून पळणीच्या डोंगरांत, कोडाईकनालला सौर वेधशाळा आली. १८९९ मध्ये ती हवामान खात्याच्या अखत्यारीत गेली, आणि मद्रासचं खगोलशास्त्राचं काम तिकडे हललं. ज्या आशेवर ती उभी राहिली ती आशा काही फळली नाही. डागांवरून पावसाचा भरवशाचा अंदाज कुणालाच बांधता आला नाही. पण तोवर वेधशाळा उभी होती, माणसं नेमलेली होती, आणि १९०४ पासून सूर्याचे फोटो रोज निघत होते.

म्हणजे बघा, चुकीच्या कारणासाठी उभी राहिलेली संस्था टिकली आणि बरोबर प्रश्न विचारणारी बंद पडली. हे पचायला जड जातं. मी ते असं वाचते: पुण्याचं काम प्रश्नांवर चालत होतं. हा प्रश्न सुटला, मग पुढचा. पण प्रश्न एका माणसाच्या डोक्यात होते. सुरुवातीची बरीच वर्षं नायगमवाला शिकवण्याची नोकरी सांभाळून हे करत होते. त्यांच्यानंतर खुर्चीत बसेल असा दुसरा खगोलशास्त्रज्ञ घडवणारं पदच त्या रचनेत नव्हतं. आणि सरकारला सूर्याचं निरीक्षण एका जागी पुरेसं होतं. कोडाईकनालला संचालक निवृत्त झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी प्लेट कॅमेऱ्यात सरकवत होतं, कारण सरकवणं हे पद होतं. पुण्यात असं पद नव्हतं. भावनगरच्या देणगीतून दुर्बीण आली. दुर्बीण देणगीत मिळते, दुसरा माणूस दर महिन्याच्या पगारावर मिळतो.

कोडाईकनाल: चाकोरी आणि प्रश्न

पण नुसती चाकोरीही पुरत नाही, आणि याचा पुरावा जॉन एव्हरशेड. हे गृहस्थ चाळिशी उलटेपर्यंत व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नव्हतेच. इंग्लंडमधल्या एका कंपनीत नोकरी करायचे, आणि उरलेल्या वेळात स्वतः बनवलेल्या यंत्रांनी सूर्याचा वर्णपट बघायचे. १८९८ च्या ग्रहणात तळणीला आलेल्या हौशी मंडळींत ते होते. तिथे त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांत हायड्रोजनच्या रेषांच्या मालिकेची मर्यादा आणि तिच्या पलीकडचा अतिनील भाग पकडला गेला होता. म्हणजे त्या एका दुपारी जेऊरला पगारी खगोलशास्त्रज्ञ नायगमवाला, आणि तळणीला रजेवर आलेले एव्हरशेड. नऊ वर्षांनी, १९०७ मध्ये, एव्हरशेड कोडाईकनालला नोकरीवर रुजू झाले.

१९०८ मध्ये अमेरिकेत हेल यांनी सूर्यावरच्या डागांत चुंबकीय क्षेत्र असल्याचं दाखवलं होतं. तेव्हा डाग म्हणजे भोवरे असावेत असा समज होता. भोवरा असेल तर वायू गोल फिरत असणार, आणि डॉप्लर परिणामामुळे वर्णपटातल्या रेषा त्या हिशेबाने सरकलेल्या दिसणार. एव्हरशेड यांनी स्वतः उभारलेल्या वर्णपटदर्शकाने ५ जानेवारी १९०९ ला डागांचे वर्णपट घेतले. रेषा सरकलेल्या होत्या, पण गोल फिरण्याच्या हिशेबाने नव्हे. डागाच्या उपच्छायेत वायू पृष्ठभागाला समांतर, मध्यापासून बाहेरच्या दिशेने वाहत होता. याला आज एव्हरशेड परिणाम म्हणतात, आणि त्यामागची कारणं शोधणारे पेपर अजून निघतात.

मला इथे आवडतं ते हे, की त्यांचा शोध रोजच्या फोटोंमधून आपोआप बाहेर आला नाही. त्यासाठी एक नेमका प्रश्न आणि वेगळं यंत्र लागलं. पण ते यंत्र ज्या स्वच्छ पहाटेला, ज्या जागी चाललं, ती जागा चाकोरीने सांभाळलेली होती. मेरी एव्हरशेड यांचंही नाव घ्यायला हवं. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांवरचं १९१७ चं मोठं प्रकाशन दोघांच्या नावाने आहे. कोडाईकनालला असतानाच त्यांनी दान्ते आणि प्राचीन खगोलशास्त्र यांवर पुस्तक लिहिलं. वेधशाळेत त्यांच्यासाठी पद नव्हतं.

त्या रोजच्या प्लेट्सचं काय झालं? शंभर वर्षांहून जास्त काळाच्या त्या प्लेट्स आता डिजिटल झाल्या आहेत. सूर्याचं चुंबकीय चक्र दशकानुदशकं कसं बदलत गेलं हे तपासायला लोक आज त्यांचा वापर करतात. मॉन्सूनसाठी म्हणून काढलेले ते फोटो आहेत.

आणि आज

आजच्या खगोलशास्त्रज्ञाचा दिवस बघाल तर डोळा नेत्रिकेला लावणं त्यात नाहीच. कोड, मीटिंग, दुसऱ्यांचे पेपर तपासणं, शिकवणं, आणि मुख्य म्हणजे प्रपोजल. खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना कुणाला किती तास मिळणार हे एक समिती अर्ज वाचून ठरवते. त्या अर्जात तुम्ही 'मला आकाशगंगांची आवड आहे' असं लिहीत नाही. कुठला स्रोत, किती वेळ, कुठली वारंवारता, किती मंद संकेत पकडायचाय, आणि तो सापडला नाही तर त्यावरूनही काय कळेल, हे लिहिता. शेवटचा मुद्दा नवख्या लोकांकडून हमखास राहतो. नायगमवाला यांच्या प्रश्नात तो होता: रेषा धारदार निघो की पुसट, कुणीतरी एक चूक ठरणारच होता.

मग रकान्यात काय लिहायचं? मी विद्यार्थ्यांना सांगते की आधी ज्या संस्थेत अर्ज करताय तिचे गेल्या चार-पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उघडा. माझं निम्मं आयुष्य शंभर वर्षं जुने अहवाल वाचण्यात जातं, आणि नवे अहवालही त्याच साच्याचे असतात. कोण रुजू झालं, कोण सोडून गेलं, कुठलं यंत्र आलं, कुठलं सहा महिने बंद होतं, काय छापून आलं. कोणता डेटा साठतोय आणि कोणाला त्याकडे बघायला वेळ नाही, हे ओळींच्या मधून दिसायला लागतं. रघुनाथाचार्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या यादीसारखं काहीतरी प्रत्येक संस्थेत पडलेलं असतं. तुमची आवड आणि ते पडलेलं काम जिथे एकमेकांना शिवतात, तिथली दोन वाक्यं लिहा. आणि संस्थेत तुमच्या विषयावर एकच प्राध्यापक असतील, तर ते कधी निवृत्त होणार आहेत हेही बघून ठेवा. हा प्रश्न उद्धट नाही, व्यवहाराचा आहे.

नायगमवाला यांचा १८९१ चा लेख नासाच्या एडीएस या संग्रहात स्कॅन केलेला आहे, फुकट वाचता येतो. इंग्रजी जुनं आहे पण सोपं आहे. वाचताना पेन्सिलने तीन गोष्टींवर खुणा करा: यंत्राचं वर्णन किती जागा घेतं, निष्कर्ष किती जागा घेतो, आणि लॉकियर यांचं नाव कुठे, कोणत्या सुरात येतं. तिसऱ्या खुणेवर कमेंटमध्ये बोलू. पुढच्या पोस्टमध्ये मद्रासच्या 'कॉम्प्युटर' मंडळींबद्दल लिहिणार आहे, म्हणजे ज्यांनी ती सगळी आकडेमोड हाताने केली त्यांच्याबद्दल.